जाब कुणाला विचारायचा?

दिवाळी अंकात भांडण उकरून काढू नये, असा एक शहाणा संकेत आहे. फराळाच्या ताटात चकली, शेव आणि अनारसा यांच्या पंक्तीला कोणी कारल्याची भाजी वाढत नाही. पण कोकणातले माझे एक स्नेही सांगतात की, त्यांच्याकडे नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट फोडून त्याचा कडू रस आधी जिभेला लावतात आणि मगच गोडाधोडाकडे वळतात. तेव्हा वाचकहो, हा लेख म्हणजे त्या कारिटाचे बी समजा. तोंड फारच कडू झाले तर पुढच्या पानांवर कथा आणि व्यंगचित्रे आहेतच.

माझे भांडण आहे घरातल्या त्या बोलक्या पेटीशी. खरे पाहता पेटीशीही नव्हे. पेटी बिचारी निर्जीव. माझे भांडण आहे एका रिकाम्या खुर्चीशी. त्या खुर्चीचे नाव 'निर्माता'.

आधी एक तारीख सांगतो. १२ जानेवारी २०२०. त्या दिवशी आमच्या जिल्ह्याच्या गावी, तेव्हाच्या उस्मानाबादेत आणि आताच्या धाराशिवात, ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा शेवटचा दिवस होता. फादर फ्रान्सिस दिब्रिटो अध्यक्ष होते. दुष्काळी म्हणून हिणवलेल्या आमच्या गावाने तीन दिवस पाहुण्यांना ज्वारीची भाकरी खाऊ घातली आणि पुस्तके विकत घेतली. मी सेवानिवृत्त मराठी शिक्षक. छातीवर फीत लावून इकडून तिकडे फिरत होतो आणि मनातून फार सुखावलो होतो.

त्याच दिवशी इंग्लंडात टोनी गार्नेट नावाचा एक त्र्याऐंशी वर्षांचा म्हातारा वारला. मांडवात कुणाला ते कळले नाही. कळण्याचे कारणही नव्हते. मलाही ते नंतर, करोनाच्या बंदिवासात, भाच्याने वाचायला दिलेल्या एका लेखातून समजले. पण तारीख जुळलेली पाहून मी दचकलो. कारण आम्ही तीन दिवस मराठीची काळजी वाहत होतो, आणि रात्री घरोघर जी मराठी दोन-दोन तास कानांत ओतली जाते, तिच्याबद्दल मी स्वतः कुणाशी एक शब्दही बोललो नव्हतो. आणि तिकडे जो माणूस गेला, त्याने तर त्या पेटीतूनच आपल्या देशाला रात्रभर जागे ठेवले होते.

हा गार्नेट कोण? नट? थोडे दिवस तो होता. लेखक? नव्हे. दिग्दर्शक? पुढे दोन चित्रपट केले, पण त्याची कीर्ती त्यावर नाही. तो दूरचित्रवाणीवरील नाटकांचा निर्माता होता.

'निर्माता' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते? पैसा घालणारा माणूस. नाटक कंपनीचा मालक, तिकीटविक्रीच्या खिडकीकडे डोळा ठेवून बसलेला. हाही धंदा प्रामाणिक आहे आणि त्यातल्या कित्येकांनी पदरमोड करून रंगभूमी जगवली, हे मला मान्य आहे. पण रेडिओ आणि दूरचित्रवाणी यांनी या शब्दाला दुसरा अर्थ दिला होता. तिथला निर्माता पगारी माणूस. त्याच्या खिशातली दमडी लागलेली नसते. त्याची लागलेली असते ती अब्रू. कोणते नाटक करायचे हे तो ठरवतो. त्यासाठी लेखक शोधतो, त्याच्याकडून तीन-तीनदा लिहवून घेतो, दिग्दर्शक नेमतो, वरच्या साहेबाशी खर्चासाठी हुज्जत घालतो, आणि नाटक अंगाशी आले की सर्वांच्या पुढे उभा राहून म्हणतो, "हे मी केले, काय बोलायचे ते मला बोला." शिव्या खाण्याचा पगार घेणारा गृहस्थ म्हणजे निर्माता. माझी व्याख्या ओबडधोबड असेल, पण तिच्यात खोट नाही.

गार्नेटने ही व्याख्या आयुष्यभर पाळली. बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात एका कामगार कुटुंबात १९३६ साली त्याचा जन्म झाला. तो पाच वर्षांचा असताना, महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, त्याची आई गेली. गर्भपात तेव्हा तिकडे बेकायदा होता. चोरून केलेल्या उपायाने तिचा घात केला. एकोणीस दिवसांनी बापानेही आपले जीवन संपवले. पोरका मुलगा काका-मावशांच्या घरी वाढला. लंडनच्या विद्यापीठात मानसशास्त्र शिकला, नट झाला, आणि १९६० नंतरच्या काही वर्षांत बीबीसीच्या नाट्यविभागात कथा निवडण्याच्या कामावर लागला. सिडनी न्यूमन नावाचा एक कॅनडाचा गृहस्थ तेव्हा त्या विभागाचा प्रमुख होता. दिवाणखान्यातली गुळगुळीत नाटके पुरेत, आजच्या माणसांची आजची नाटके आणा, असा त्याचा हुकूम होता. त्यातून १९६४ साली 'वेन्सडे प्ले' ही मालिका सुरू झाली. मालिका म्हणजे दर बुधवारी एक स्वतंत्र, संपूर्ण नाटक. सासूचे कारस्थान उद्यावर टाकलेले नव्हे.

या मालिकेतून १९६५ साली 'अप द जंक्शन' हे नाटक झाले, तेव्हा गार्नेट अजून कथासंपादकच होता. कारखान्यातल्या मुलींचे ते नाटक. त्यात चोरून केलेल्या गर्भपाताची वेदना उघड दाखवली होती. देशात गदारोळ उडाला. दोन वर्षांनी, १९६७ साली, ब्रिटनचा कायदा बदलला. त्याआधी त्या विषयावर देशभर जो वाद झाला, त्याला या नाटकाने धार आणली. स्वतःच्या आईची हकीकत मात्र गार्नेटने तेव्हा जाहीर केली नाही. ती त्याने सांगितली म्हातारपणी, आत्मचरित्रात. मला या माणसाचा सर्वांत मोठा गुण हाच वाटतो. आपले दुःख त्याने बाजारात मांडले नाही; दुसऱ्यांच्या आयांचे दुःख लोकांसमोर मांडले जावे म्हणून तो वरच्यांशी भांडला.

मग १६ नोव्हेंबर १९६६ चा बुधवार. 'कॅथी कम होम'. लेखक जेरेमी सँडफर्ड, दिग्दर्शक केन लोच, निर्माता टोनी गार्नेट. एक तरुण जोडपे, नवऱ्याला अपघात होतो, नोकरी जाते, भाडे थकते, घर जाते. मग नातेवाइकांचे घर, मग चाकांवरचे घर, मग निराधारांचा आश्रम. शेवटी रेल्वे स्थानकाच्या बाकावर बसलेल्या कॅथीच्या मांडीवरून तिची लेकरे सरकारी माणसे काढून नेतात. संपले. सव्वा तासाचे नाटक. बंद स्टुडिओतले पुठ्ठ्याचे घर नको, खरे रस्ते आणि खरी घरे हवीत, म्हणून गार्नेटने बातमीदार वापरत तो हलका सोळा मिलिमीटरचा कॅमेरा मागितला आणि त्यासाठी साहेबांशी भांडला. बातम्या संपल्या की लागलीच नाटक सुरू होई, त्यामुळे अनेकांना ती बातमीच वाटली. एक कोटी वीस लाख लोकांनी ते पाहिले. म्हणजे त्या देशातल्या चौघांमागे एकाने. पुढच्याच महिन्यात निराधारांसाठी 'शेल्टर' नावाची संस्था उभी राहिली. ती आधीपासून ठरत होती, पण त्या नाटकाने तिला दारोदार ओळख मिळवून दिली.

एका नाटकाने घरे बांधली जात नाहीत, हे मलाही समजते. पण घर नसलेला माणूस आळशी असतो, ही भरल्या पोटाची समजूत त्या रात्री कित्येक घरांत मोडली. नाटकाने याहून अधिक काय करायचे असते?

आता तुम्ही म्हणाल, "गुरुजी, कुठे बर्मिंगहॅम आणि कुठे धाराशिव! साहेबाच्या देशात होते ते आपल्याकडे कसे व्हावे?" हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि नेहमी तितकाच राग येतो. कारण तशी खुर्ची आपल्याकडे होती, आणि तिच्यावर बसणारी माणसेही होती.

पु. ल. देशपांडे यांचे विनोद आपल्याला तोंडपाठ आहेत. पण हेच पु. ल. आकाशवाणीच्या नोकरीत असताना दूरचित्रवाणीचे तंत्र शिकायला बीबीसीत गेले होते, आणि १९५९ साली दिल्लीत ही पेटी पहिल्यांदा बोलू लागली तेव्हा तिच्या आरंभीच्या निर्मात्यांत होते, हे किती जणांना आठवते? त्या पेटीसाठी पंडित नेहरूंची मुलाखत घेणारा माणूस मराठी होता. 'अपूर्वाई' आपण हसण्यासाठी वाचली. तो प्रवास एका निर्मात्याच्या उमेदवारीचा होता, हे मात्र विसरलो.

मग २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईला वरळीत दूरदर्शन केंद्र सुरू झाले. आमच्याकडे ते वर्ष वेगळ्याच कारणाने लक्षात आहे. बहात्तरचा दुष्काळ! वरळीत कॅमेऱ्यावरचा दिवा लागला तेव्हा आमच्या जिल्ह्यातली धडधाकट माणसे खडी फोडत होती, पोरे सुकडीच्या रांगेत होती आणि घरोघर अमेरिकेच्या लाल मिलोची भाकरी थापली जात होती. त्या दोन जगांत अंतर होते यात नवल नाही. नवल याचे की, ते अंतर कमी करण्याची उमेद वरळीतल्या काही माणसांना होती.

१९७८ साली मी नोकरीच्या शोधात दादरला मामांकडे राहिलो होतो. चाळीत एकच संच. संध्याकाळी त्या दहा बाय बाराच्या खोलीत अख्खा मजला मावत असे. पाठीमागचे लोक पुढच्यांच्या खांद्यांवरून बघत आणि मध्येच पडद्यावर मुंग्या आल्या की कोणीतरी गच्चीवर धावे. तिथे मी मराठी नाटके पाहिली. विनायक चासकरांचा 'गजरा' पाहिला. चिं. वि. जोशींच्या चिमणरावाला दिलीप प्रभावळकरांच्या आणि गुंड्याभाऊला बाळ कर्व्यांच्या रूपाने चालता-बोलता पाहिला. त्या मालिकेच्या मागे याकूब सईद आणि विजया जोगळेकर-धुमाळे हे निर्माते होते. सुहासिनी मुळगावकर 'सुंदर माझं घर' करीत. निर्मात्याच्या खुर्चीवर बाई बसलेली पाहून मामा मान डोलावत. त्यांना ठाऊक नव्हते, आणि मलाही नव्हते, की इंग्लंडात १९६३ साली 'डॉक्टर हू' सुरू झाले तेव्हा व्हेरिटी लॅम्बर्ट ही सत्तावीस वर्षांची मुलगी बीबीसीच्या नाट्यविभागातली एकुलती एक स्त्री-निर्माती होती. तिच्या पहिल्या भागांचा दिग्दर्शक वारिस हुसेन आमच्या लखनौत जन्मलेला. म्हणजे साहेबाचे ते जग आपल्यापासून फार लांब होते, असे मुळीच नाही.

मी त्या दिवसांचे गोडवे गातो आहे, असे समजू नका. दूरदर्शन सरकारी होते. साहेबाच्या सहीवाचून टाचणी हलत नसे. कित्येक कार्यक्रम इतके रटाळ असत की, माणसे संच चालू ठेवून गप्पा मारीत. पण एक गोष्ट होती. नाटक आवडले नाही तर मामा पोस्टकार्ड लिहीत, आणि ते कुणाच्या नावाने लिहायचे हे त्यांना माहीत असे. नाटकाच्या अखेरीस नाव येई: निर्माता अमुक. त्या अमुकाला मामांनी एकदा सणसणीत पत्र लिहिले होते. उत्तर आले नाही. पण मामांना समाधान होते की, शिवी योग्य पत्त्यावर पोहोचली.

आज तो पत्ता हरवला आहे. हेच माझे सारे गाऱ्हाणे.

खासगी वाहिन्या १९९९-२००० च्या सुमारास मराठीत आल्या. मला आनंद झाला होता. चार दारे उघडली म्हणजे वारा खेळेल, असे वाटले. आले काय? रोजची मालिका. 'चार दिवस सासूचे' ही एकच मालिका २००१ पासून २०१३ पर्यंत तीन हजारांहून अधिक भाग चालली. त्यातल्या कलावंतांच्या मेहनतीला माझा नमस्कार. इतकी वर्षे रोज तोंडाला रंग लावून उभे राहणे हे कष्टाचे काम आहे. आमच्या घरीही ती पाहिली जाई, आणि जेवायला वाढण्याची वेळ तिच्यावर ठरे. पण हिशेब मांडा. एकीकडे सव्वा तास, दुसरीकडे तीन हजार रात्री. सव्वा तासाने एका देशाला बेघर माणसाचा चेहरा दिला. तीन हजार रात्रींनी आपल्याला काय दिले, हे ज्याने त्याने आपल्या घरात विचारावे.

यावर ठरलेले उत्तर येते. "लोकांना हेच हवे असते." निवडक घरांतल्या संचांना मीटर लावायचे, किती जणांनी काय पाहिले याचा आठवड्याचा आकडा काढायचा, आणि त्या आकड्यावर जाहिरातीचा भाव ठरवायचा, असा हा कारभार आहे. आकडा चढला की कथेचा घोडा पुढे, उतरला की नायिकेला अपघात. मला सांगा, १९६६ साली कोणत्या लोकांनी अर्ज केला होता की, आम्हाला बेघर बाईचे नाटक दाखवा? कुणीही नाही. पेरल्यावाचून उगवत नाही. शेतकऱ्याच्या जिल्ह्यात राहतो मी. पेरणी न करता 'या रानाला कुसळच आवडते' असे म्हणणाऱ्याला आमच्याकडे शेतकरी म्हणत नाहीत.

आता माझी स्वतःची गोष्ट सांगतो. सांगू की नको असे करीत इतकी वर्षे गेली.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून माणसे उशिरा झोपली होती. पहाटे चारला काही मिनिटे कमी असताना जमीन हलली. किल्लारीचे नाव जगाला माहीत झाले, ते लातूर जिल्ह्यात; पण आमच्या जिल्ह्यातले सास्तूरही त्याच पहाटे भुईसपाट झाले. दगड-मातीच्या दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात जी घरे आईसारखी गार, तीच त्या पहाटे माणसांच्या अंगावर आली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. मी तेव्हा उमरग्याला शिक्षक होतो. सकाळी आम्ही चार मास्तर मिळेल त्या वाहनाने सास्तुरास पोहोचलो. काय पाहिले ते दिवाळीच्या अंकात लिहिणार नाही.

पुढे नवी गावे वसली. सरळ रेषेत रस्ते, सारखी घरे, पाटीवर क्रमांक. त्या नव्या वसाहतीत मला एक आजोबा भेटले. सिमेंटच्या घरात ते झोपतच नसत. पाऊस असो, थंडी असो, बाज अंगणात. मी विचारले, "आजोबा, हे घर पडायचं नाही, इंजिनिअरनं सांगितलंय." ते म्हणाले, "घर पडंल म्हणून न्हाई रं बाबा. आत गेलो की समदे दिसत्यात. भाइर आलो की नुस्तं आभाळ दिसतंय." त्यांच्या त्या वाक्यावर मी एक तासाभराचे नाटक लिहिले. नाव ठेवले 'अंगण'. शाळेतल्या पोरांनी गॅदरिंगला केले, पालक रडले, मला वाटले झाले सार्थक.

सेवानिवृत्तीनंतर मुलाने आग्रह केला. एका मोठ्या वाहिनीच्या कचेरीत मी ते वाचायला दिले. नाव सांगत नाही, कारण दुसऱ्या कचेरीत याहून वेगळे घडले असते असे मला वाटत नाही. महिन्याभराने तिशीतल्या एका तरुणाने बोलावले. मुलगा सालस होता, चहा पाजला, पाया पडला. म्हणाला, "सर, विषय ग्रेट आहे. पण एक तासाचं एकच नाटक आम्ही दाखवत नाही. आजोबांची सून कुणी आहे का? तिचा ट्रॅक वाढवता आला तर बघा. आणि भाषा जरा जड आहे. आजोबा थोडे विनोदी झाले तर ही भाषा चालून जाईल."

मी शांतपणे विचारले, "बाळ, तुला स्वतःला हे आवडलं का?"

तो गप्प राहिला. मग म्हणाला, "मला आवडलं, सर. पण निर्णय माझ्या हातात नसतो."

"मग कुणाच्या हातात असतो?"

त्याने वर पाहिले. वर नुसता पंखा फिरत होता.

कदाचित माझे नाटक वाईट असेल. शक्य आहे, मी पोरांच्या गॅदरिंगचा नाटककार. 'गुरुजी, हे जमलेले नाही, घरी जा' असे कुणी तोंडावर सांगितले असते तर मी दोन दिवस जेवलो नसतो आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा लिहायला बसलो असतो. पण मला नाकारणारे माणूसच तिथे नव्हते. ज्याला आवडले त्याला अधिकार नव्हता, आणि ज्याला अधिकार होता त्याने ते वाचलेले नव्हते. पडद्यावर नावे पळतात. निर्मात्यांची नावे त्यात एक सोडून पाच असतात. पाचांतला एकही गार्नेट नसतो. 'हे मी केले, मला बोला' असे म्हणणारा एकही नसतो.

आणि भाषा जड! वाचकहो, या एका शब्दावर मी रात्रभर जागा होतो. आमच्याकडे "काय करतोस?" असे विचारत नाहीत, "काय करायलास?" असे विचारतात. ही मराठी संत गोरोबाकाकांच्या तेरची, तुळजाभवानीच्या गोंधळाची. मालिकांत ती दिसते कुणाच्या तोंडी? गड्याच्या, वेंधळ्या पाहुण्याच्या, नाहीतर गावगुंडाच्या. जिने रडावे, जिने प्रेम करावे, जिने घराचा कारभार हाकावा, तिने मात्र पुण्या-मुंबईची मराठी बोलावी. डॉ. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मधून आमची बोली एकट्याच्या जिवावर जगभर नेली, पन्नासच्या वर माणसे उभी केली, आणि महाराष्ट्र हसता हसता शेवटी गहिवरला. त्या हशामागची माया विसरून पेटीवाल्यांनी फक्त हशा उचलला.

इथेही मला तो म्हातारा गार्नेट आठवतो. १९६९ साली त्याने 'केस' नावाचा चित्रपट केला. केस म्हणजे डोक्यावरचे नव्हेत; खाणकामगारांच्या वस्तीतल्या एका मुलाने पाळलेल्या शिकारी पाखराचे ते लाडके नाव. मुलगा तिथलाच, बोली तिथलीच. ती इतकी अस्सल की, अमेरिकेत दाखवताना काही संवाद पुन्हा नव्याने बोलवून घ्यावे लागले. तरी इंग्लंडात 'मुलाला थोडा विनोदी करा' असे त्याने लेखकाला सांगितले नाही. आज तो चित्रपट तिकडच्या उत्तम चित्रपटांत मोजतात. बोली जड नसते. ऐकणाऱ्याचा कान हलका असतो.

गार्नेटला काही कमी त्रास झाला असे नाही. १९७८ साली त्याने 'लॉ अँड ऑर्डर' ही चार नाटके केली: एक पोलिसाच्या बाजूचे, एक गुन्हेगाराच्या, एक वकिलाच्या, एक कैद्याच्या. चारही ठिकाणी किडलेले दाखवले. पोलीस चिडले, तुरुंगाचे अधिकारी चिडले. पुढे काही वर्षे तो अमेरिकेत जाऊन राहिला, मग परतला आणि साठीच्या उंबरठ्यावर 'धिस लाइफ' ही तरुण वकिलांची मालिका काढून नातवंडांच्या वयाच्या प्रेक्षकांना जिंकले. म्हणजे मालिका मुळातच वाईट, असे माझे म्हणणे नाही. मालिका करा, खुशाल करा. पण ती कुणाची आहे, हे कळू द्या.

नुसती तक्रार करणाऱ्या माणसाला आमच्याकडे कुडबुड्या म्हणतात. म्हणून मागणी स्पष्ट सांगतो. बीबीसी चालते ती घरटी आकारलेल्या परवान्याच्या पैशावर. आपल्याकडेही एके काळी रेडिओचा परवाना काढायला पोस्टात रांग लागे. आज तो परवाना गेला, पण दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी अजून जनतेच्याच पैशावर चालते. तिने महिन्याला एक, वर्षाला बारा स्वतंत्र नाटके करावीत. प्रत्येक नाटक वेगळ्या जिल्ह्याचे, त्या जिल्ह्याच्या बोलीत. प्रत्येकाला एकच निर्माता. पगारी, नावानिशी, निर्णयाचा अधिकार असलेला. त्याचे नाव शेवटी धावत्या ओळीत नको, आरंभी, वाचता येईल इतका वेळ हवे. आणि नाटक पडले तर लोकांनी त्याच्या नावाने पत्रे लिहावीत. खासगी वाहिन्यांनाही हे सुचले तर कोण नको म्हणेल? बारा नाटकांतली नऊ वाईट निघतील. निघू द्यात. बीबीसीचा प्रत्येक बुधवार काही 'कॅथी'चा नव्हता.

ऊसतोडीला निघालेल्या घराचे नाटक आमच्या जिल्ह्यात दर वर्षी दिवाळीच्या आगेमागे घडते. घराला कुलूप, बैलगाडीत संसार, शाळेतली पोरे हजेरीपटावर उरलेली. तुमच्या घरी पणत्या लागत असतात तेव्हा ती माणसे कारखान्याच्या वाटेवर असतात. मी चौतीस वर्षे वर्गात हजेरी घेतली. कारखान्याचा हंगाम लागला की नावे पुकारायची आणि उत्तर यायचे नाही. त्या न आलेल्या उत्तरात एका तासाचे नाटक आहे. ते लिहिणारा मुलगा किंवा मुलगी आमच्या जिल्ह्यात आज नक्की आहे. कदाचित त्याच वर्गातून गेलेली. तिला 'हो' किंवा 'नाही' म्हणणारा माणूस तेवढा हवा आहे.

तोवर तुम्ही एक करा. दिवाळीच्या चार दिवसांत घरातली सगळी पेटीसमोर बसाल, ते मला ठाऊक आहे. मीही बसणार आहे. कार्यक्रम संपला की लगेच उठू नका. नावे पळत जातील. त्यात निर्माता कोण, ते मोठ्याने वाचून दाखवायला घरातल्या लहान मुलाला सांगा. जमले तर त्याला एक लाडू जास्त द्या.

आमच्या घरी नातवाने गेल्या वर्षी प्रयत्न केला. म्हणाला, "आजोबा, नाव वाचेपर्यंत जाहिरात लागली."

लाडू त्याला मी तरीही दिला. जाब मात्र अजून कुणाला विचारायचा आहे.